खडकांवरून चालणाऱ्या गाड्या

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा ही पर्वतरांग आहे. तिच्या अंगाखांद्यावरून रुबिकॉन नावाची एक वाट जाते. जॉर्जटाउन गावाच्या बाजूने ती चढते आणि ताहो सरोवराच्या काठाशी उतरते. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. चांगल्या डांबरी सडकेवर हे अंतर पाऊण तासात संपेल. येथे मात्र एक सबंध दिवस, पुष्कळदा दोन दिवस लागतात. कारण या वाटेवर माती थोडी आणि खडकच फार. ग्रॅनाइटच्या गुडघाभर, कंबरभर धोंड्यांवरून गाडीला अक्षरशः पावले टाकीत जावे लागते.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये ५५ जीपगाड्या आणि १५५ माणसे एकत्र जमून या वाटेने गेली. तेव्हापासून अशा सामुदायिक सफरींची प्रथाच पडली. त्या वेळी गाड्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या : दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या विलीज जीपची भावंडे. ही जीप आपल्यालाही परकी नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी तिची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे तालुक्याच्या गावी ‘सरकारी गाडी’ म्हणजे जीप असेच समीकरण होते.

आज मात्र रुबिकॉनवर निघणाऱ्या तांड्यात नाना तऱ्हेच्या गाड्या असतात. समजा, अशा एका तांड्यात चार गाड्या आहेत : एक जुनी विलीज, एक सुझुकी सामुराई (आपल्याकडची मारुती जिप्सी ही तिचीच थोडी लांब बहीण), एक चार दारांची नवी जीप रँग्लर आणि एक वजनदार टोयोटा लँड क्रूझर. चौघींचीही चारही चाके इंजिनाने फिरतात. मग चौघींची तयारी एकाच यादीप्रमाणे का करू नये? आणि तशी केली तर काय बिघडेल? याचे उत्तर शोधायला आठवी ते दहावीचे पदार्थविज्ञान बहुतेक पुरते.

अश्वशक्तीचे काय करायचे?

गाड्यांच्या जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक छापलेला असतो. रुबिकॉनवर तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. येथे पाहायचे ते इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोचताना किती पटींनी वाढतो ते. (पाठ्यपुस्तकात या पिळाला बल-आघूर्ण म्हणतात.)

रँग्लरच्या ‘रुबिकॉन’ नावाच्याच प्रकारात साधा गिअरबॉक्स असेल, तर सर्वांत खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे ८४ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. इंजिनाचा पीळ जास्तीत जास्त ३५३ न्यूटन-मीटर. त्याला ८४ ने गुणा : सुमारे २९,७०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.४२ मीटर धरली, तर चाकांच्या कडेशी मिळणारे एकूण बल ७०,००० न्यूटनच्या आसपास येते. (गिअरांतील घर्षणात वाया जाणारा भाग आपण सोडून दिला आहे.) आता गाडीचे वजन पाहा. दोन टन वस्तुमान, म्हणजे वजन १९,६०० न्यूटन. कोरड्या खडकावर रबराचा घर्षणांक ०.८ धरला, तर जमीन जास्तीत जास्त १५,७०० न्यूटन बलाने गाडीला पुढे ढकलू शकेल. म्हणजे चाकांकडे जेवढे बल आहे त्याच्या पावपटही जमिनीला घेता येत नाही! उरलेले चाके जागच्या जागी फिरवण्यापलीकडे काही करणार नाही.

मग एवढा मोठा गुणाकार कशासाठी? जोरासाठी नव्हे, मंदपणासाठी. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असले, तर चाक मिनिटाला जेमतेम साडेनऊ फेरे घेते आणि गाडी ताशी दीड किलोमीटर वेगाने सरकते. रांगते मूल तिच्या बरोबरीने जाईल. चालकाचा पाय क्लचवर नसतो, एक्सिलरेटरवर नसतो. गाडी आपली आपण खडक चढते.

सामुराईत हाच गुणाकार सुमारे ३१ आहे आणि इंजिनाचा पीळ सुमारे १०० न्यूटन-मीटर. त्रिज्या ०.३४ मीटर धरून हिशेब केला, तर चाकांशी ९,१०० न्यूटन बल येते. गाडीचे वजन ९,३०० न्यूटन. ‘मग काय वाईट आहे?’ असे तुम्ही म्हणाल. पण हा इंजिनाचा कमाल पीळ झाला, आणि तो मिळायला इंजिन जोरात फिरवावे लागते. मंद फिरताना तो बराच कमी असतो. शिवाय ८०० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सव्वातीन किलोमीटर होतो, रँग्लरच्या दुपटीहून जास्त. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून सामुराईचा प्रत्येक किलोग्रॅम खडकावर जवळजवळ पाचपट ऊर्जेनिशी आदळतो. हा धक्का टाळायचा तर चालकाला सतत क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, आणि दुपारपर्यंत क्लच जळाल्याचा वास येऊ लागतो.

त्यात मालकाने हौसेने मोठे टायर बसवलेले असतात. त्रिज्या ०.३४ ची ०.४० झाली की चाकाशी मिळणारे बल १५ टक्क्यांनी घटते आणि वेग तितक्याच इंजिनफेऱ्यांना जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून सामुराईच्या तयारीत पहिले काम म्हणजे ट्रान्स्फर केसमधील गिअरचक्रे बदलून हा ३१ चा आकडा वाढवणे. रँग्लरला या कामाची गरजच नाही. विलीज मध्ये कुठेतरी बसते. तिचा गुणाकार ३७ च्या जवळपास आहे.

हवा कमी करा, पण कोणी किती?

वाट सुरू होण्यापूर्वी सगळे चालक गाड्यांमधून उतरतात आणि टायरमधली हवा सोडू लागतात. नवख्या माणसाला हे विपरीत वाटते. आपण पेट्रोलपंपावर ‘पस्तीस पौंड भरा’ म्हणून सांगतो, आणि ही मंडळी पंधरा पौंडांवर येऊन थांबतात! (पौंड म्हणजे येथे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब.)

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार असेल, तर ३५ पौंड दाबाला टायरचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येतो. १५ पौंडांना तो ४७० च्या वर जातो. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून प्रत्यक्षात वाढ याहून काहीशी कमी होते. पण दिशा हीच.

येथे हुशार विद्यार्थी हात वर करील : ‘सर, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते ना?’ प्रश्न रास्त आहे. लाकूड, धातू यांसाठी तो नियम बऱ्यापैकी चालतो. रबर मात्र त्या नियमात नीट बसत नाही. रबर मऊ आहे, खडकाच्या बारीक खाचाखोचांत ते घुसते. दाब वाढवला तर प्रत्यक्ष स्पर्श वाढतो, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून तोच भार मोठ्या क्षेत्रावर पसरला की पकड सुधारते. दुसरे असे, की कमी हवेचा टायर नारळाएवढ्या दगडावर आला तर त्याला कवेत घेतो. टणक टायर त्यावरून उसळतो आणि उसळलेल्या क्षणी जमिनीवरचा भार, आणि म्हणून घर्षणही, नाहीसे होते.

आता आपल्या तांड्याकडे वळू. पुढाऱ्याने ‘सर्वांनी १५ पौंड करा’ म्हणून हुकूम सोडला, तर तो चुकेल. सामुराईच्या चाकावर भार निम्मा, सुमारे २५० किलोग्रॅम. १५ पौंडांना तिचा टायर २४० चौरस सेंटिमीटरच टेकतो. तो जवळजवळ टणकच राहतो. रँग्लरइतका तो चपटा व्हायचा, तर ८ पौंडांपर्यंत उतरावे लागेल. उलट, लँड क्रूझर ८ पौंडांवर आणली तर तिचे वजन टायरला रिमपर्यंत दाबून टाकील, किंवा टायरची कड रिमवरून निसटेल. ती निसटू नये म्हणून काही जण टायरची कड बोल्टने आवळून धरणारे खास रिम वापरतात.

हे तुम्हाला घरी पडताळता येईल. सायकलचे मागचे चाक ओले करा, खाली आलेखाचा कागद ठेवा आणि मित्राला सीटवर बसवून चाक अलगद कागदावर टेकवा. उमटलेल्या डागातील चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. मित्राच्या जागी त्याच्या धाकट्या भावाला बसवून पुन्हा.

अधांतरी चाक

मोटार वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली तर टायर घासत जातील. म्हणून मध्ये डिफरन्शियल हा गिअरांचा गोळा असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण पीळ मात्र दोघांना सारखाच वाटतो. डांबरी सडकेवर हा समभाव उत्तम. खडकावर तोच घात करतो. डावे चाक हवेत उचलले गेले तर त्याला फिरवायला जवळजवळ शून्य पीळ लागतो, आणि म्हणून भक्कम जमिनीवर उभ्या असलेल्या उजव्या चाकालाही जवळजवळ शून्यच मिळतो. पुढचे एक आणि मागचे तिरपे समोरचे एक, अशी दोन चाके एकदम अधांतरी झाली की चारही चाकांना इंजिन जोडलेली गाडी ढिम्म उभी राहते.

उपाय दोन. पहिला, चाके हवेत जाऊच न देणे. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांच्या बैठकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. सफरीपुरता तो सोडवला की चाके खाली-वर मोकळी लोंबकळतात आणि खळग्यात उतरून जमिनीला टेकतात. दुसरा उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक : गरजेपुरती दोन्ही चाके एकत्र जखडून टाकायची. २००२ साली बाजारात आलेल्या रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढे व मागे दोन्हीकडे असे लॉक कारखान्यातूनच बसवलेले होते. जुन्या विलीजला ते नंतर बसवावे लागते, आणि एकच परवडत असेल तर मागे बसवावे. चढावर भार मागच्या चाकांवर जातो; शिवाय पुढचे जखडले की स्टिअरिंग दगडासारखे जड होते.

पण लॉक बसवला की नवी अडचण उभी राहते. आता सगळा पीळ एकाच चाकाच्या ॲक्सलवर येऊ शकतो. ज्या सामुराईचे टायर मोठे केले, गिअर खाली आणले, लॉक बसवला, तिची बारीक ॲक्सल कंबरमोड होऊन पडते. म्हणून तिच्या सुट्या भागांच्या पेटीत दोन जास्तीच्या ॲक्सल हव्यातच. मूळ छोट्या टायरांवर शांतपणे चालणाऱ्याला त्या बहुधा लागत नाहीत.

पोट आणि डोके

उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट टेकते की नाही, हे पोटाची उंची आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर या दोहोंवर ठरते. पोट जमिनीपासून ३० सेंटिमीटर आहे असे धरा. आसांमधील निम्म्या अंतराने उंचीला भागले की एका बाजूच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. त्या कोनाची दुप्पट म्हणजे गाडी ओलांडू शकेल असा उंचवट्याचा कोन. दोन दारांच्या रँग्लरचे आसांतर २४६ सेंटिमीटर आहे : कोन येतो सुमारे २७ अंश. चार दारांच्या रँग्लरचे ३०१ सेंटिमीटर : कोन साडेबावीस अंश. कंपनीने दिलेले आकडे २७.८ आणि २२.६ आहेत; आपला साधा हिशेब फारसा चुकला नाही. विलीज आणि सामुराई यांचे आसांतर जवळजवळ तंतोतंत सारखे, २०३ सेंटिमीटर. त्यांचे पोट २५ सेंटिमीटरवर असले तरी कोन साडेसत्तावीस अंशांपर्यंत जातो.

म्हणून लांब रँग्लर आणि लँड क्रूझर यांच्या तयारीत पोटाखाली पोलादी पत्रे आणि दारांखाली जाड नळ्या यांना पहिला मान. त्या गाड्या खडकाला टेकणारच. टेकल्यावर इंजिनाची तेलटाकी फुटू नये एवढीच अपेक्षा.

मग सगळ्यांनी आखूड गाड्याच का घेऊ नयेत? कारण चढ. ३० अंशांच्या चढावर गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंच धरला, तर सामुराईच्या पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा सुमारे २६ टक्के भार उरतो, लांब रँग्लरच्या ३२ टक्के. आखूड गाडीचे नाक लवकर हलके होते आणि पायरीसारखा खडक आला तर ती मागे उलटण्याची भीती असते. ‘गाडी उंच करा, पोट टेकणार नाही’ हा सल्ला गॅरेजात सहज मिळतो. स्प्रिंगा बदलून १० सेंटिमीटर उंची वाढवली, तर सामुराईसारख्या १.३ मीटर रुंदीच्या चाकांतराच्या गाडीचा बाजूला कलंडण्याचा कोन ४३ अंशांवरून ३९ वर येतो, आणि हा स्प्रिंगांचा लवचीकपणा न धरता केलेला हिशेब आहे. टपावर पाण्याचे कॅन आणि तंबू बांधले की तो आणखी घसरतो. जड सामान टपावर नको, मागच्या सीटच्या जागी, जमिनीलगत, पट्ट्यांनी आवळून. मोकळा राहिलेला जॅक कलंडत्या गाडीत हातोड्यासारखा उडतो.

दोर

या सफरीत जिवाला खरा धोका खडकांपेक्षा दोरापासून असतो, म्हणून येथे थोडे थांबू.

अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला टोचन लावणे म्हणतात त्यासाठी, ताणला जाणारा नायलॉनचा दोर वापरतात. ओढणारी दोन टनांची गाडी सेकंदाला ३ मीटर वेगाने निघाली, तर तिची गतिज ऊर्जा ९,००० जूल. ती दोर ताणण्यात साठते आणि अडकलेल्या गाडीला हळूहळू मिळते. आता दोराच्या टोकाची अर्ध्या किलोची लोखंडी कडी सुटली आणि साठलेल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा, ९०० जूल, तिच्या वाट्याला आला असे समजा. तिचा वेग किती होईल? गतिज ऊर्जेच्या सूत्रात घालून पाहा : सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर. अशा कडीने गाडीची काच फुटून आतली माणसे दगावली आहेत. ट्रेलर जोडण्यासाठी मागे जो लोखंडी गोळा असतो, त्याला दोर अडकवणे याच कारणाने निषिद्ध आहे. तो सरळ संथ ओढीसाठी बनवलेला असतो, झटक्यासाठी नाही.

म्हणून गाडी कुठलीही असो, सर्वांना लागू असा नियम एकच : सांगाड्याला बोल्टने घट्ट बसवलेला हूक पुढे एक आणि मागे एक. बंपरला नव्हे. सफरीच्या आदल्या दिवशी पुढारी प्रत्येक गाडीखाली वाकून तो बघतो आणि हूक नसेल त्या गाडीला परत पाठवतो. लोक रागावतात, रागावू द्यावे. दोर ताणला असताना त्यावर जड घोंगडी टाकतात आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभे करतात.

विंचचा प्रश्न निराळा. सामुराईने लँड क्रूझरला ओढायचे म्हटले तर? सामानासकट अडीच टनांची ती गाडी ३० अंशांच्या चढावर १२,००० न्यूटनहून अधिक बलाने मागे खेचते. सामुराई कोरड्या सपाट खडकावरही साडेसात हजार न्यूटनपलीकडे रोवून राहू शकत नाही. विंच कितीही दणकट असली तरी सामुराईच घसरत लँड क्रूझरकडे जाईल. तिला मागून मोठ्या झाडाला रुंद पट्ट्याने बांधावे लागते. पट्टा रुंद, कारण बारीक दोर झाडाची साल कापतो. दोर कप्पीतून फिरवून परत आणला तर विंचवरचा ताण निम्मा होतो आणि वेळ दुप्पट लागतो.

यावरूनच तांड्याचा क्रम ठरतो. विंच असलेली एक गाडी सर्वांत पुढे, दुसरी सर्वांत मागे, हलक्या गाड्या मधे. वाट अरुंद असल्याने एक गाडी मोडली की मागच्या सगळ्या अडतात. अवघड जागी चालकाला खुणा करणारा माणूस एकच असावा. चार जण चार दिशांनी ओरडू लागले की चालक ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो.

आणखी एक वस्तू प्रत्येक गाडीत लागते : तेल शोषून घेणारी कापडे आणि पिशव्या. फुटलेल्या टाकीतून एक लिटर तेल ओढ्यात गेले आणि पाण्यावर एक मायक्रॉन जाडीचा तवंग पसरला, तर तो १,००० चौरस मीटर पाणी झाकतो. २००९ साली राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने या वाटेवरची घाण आणि वाहून जाणारी माती आवरण्याचा हुकूम काढला होता. त्यानंतर वाट चालू राहिली ती हौशी मंडळींनी स्वतः राबून दुरुस्त्या केल्या म्हणूनही.

ताहो सरोवराच्या बाजूला डांबरी सडक लागली की पुन्हा सगळे थांबतात. सोडवलेला दांडा जोडायचा आणि टायरांत हवा भरायची. हे काम टाळून ‘गावापर्यंत असेच जाऊ’ म्हणणारा एखादा असतोच. खडकांवर ताशी दीड किलोमीटर वेगाने टायरचा प्रत्येक भाग सहा सेकंदांतून एकदा चपटा होत होता. सडकेवर ताशी ८० किलोमीटरने तो सेकंदाला आठ वेळा चपटा होईल. प्रत्येक वेळी रबरात थोडी उष्णता मुरते आणि कमी हवेच्या टायरात ती निघून जाण्याआधी पुढचा फेरा येतो. टायर तापून फाटतो. म्हणून बॅटरीवर चालणारे छोटे पंप घरघरू लागतात. सामुराईचे टायर लहान, ती लवकर मोकळी होते आणि आपला पंप लँड क्रूझरकडे देते, कारण तिचे अजून दोन टायर भरायचे राहिलेले असतात.